नंबर लिहून घेणारी मुले

परवा बारामतीच्या बसस्थानकावर इंदापूरच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. मार्च २०२४ मध्ये हे नवे स्थानक सुरू झाले. जुने स्थानक डोळ्यांपुढे असलेल्या माझ्यासारख्याला इथे अजून थोडे पाहुण्यासारखे वाटते. शेजारच्या बाकावर नववी-दहावीतली दोन मुले होती. त्यांना कुठे जायचे नव्हते. एक गाडी फाटकातून आत वळली, तिची पाटी अजून नीट दिसतही नव्हती, तोच एक म्हणाला, "चौदा बीटी." दुसरा म्हणाला, "नाय, वीस बीएल. बॉडी बघ की." गाडी फलाटाला लागली. दुसऱ्याचे बरोबर निघाले. पहिल्याने मोबाइलवर फोटो काढला आणि दोघे पुन्हा फाटकाकडे डोळे लावून बसले.

कुणी म्हणेल, रिकामटेकडी पोरे. मी तसे म्हणणार नाही, कारण १९६० च्या दशकात इंदापूरच्या स्थानकावर मी हेच करत असे. मोबाइल नव्हता, वहीच्या पाठच्या पानावर पेन्सिलीने नंबर लिहायचे. वडिलांनी ती वही पाहिली तेव्हा, "गाड्या मोजून कंडक्टर होणार आहेस काय?" असे विचारले. झालो मास्तरच, पण शाळेतला. बत्तीस वर्षे बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका शाळेत शिकवले आणि रोजचे जाणे-येणे एसटीनेच केले.

या छंदाला जगात मोठी बिरादरी आहे. इंग्लंडात दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, रेल्वेतल्या इयन अ‍ॅलन नावाच्या एका तरुण कारकुनाने आपल्या रेल्वेच्या इंजिनांच्या नंबरांची छोटी पुस्तिका छापली. ती हातोहात खपली आणि तिथून वही-पेन्सिल घेऊन फलाटावर उभे राहणाऱ्या मुलांची पिढीच तयार झाली. आपल्याकडे असे पुस्तक कुणी छापले नाही. आपल्याकडच्या बसप्रेमी पोरांनी सगळे तोंडपाठ केले.

आता त्या दोन मुलांचे 'चौदा बीटी' आणि 'वीस बीएल' म्हणजे काय, ते सांगतो.

बारामतीला स्वतःचे परिवहन कार्यालय आहे. बारामती-इंदापूरकडची मोटारसायकल, ट्रॅक्टर, जीप, कशावरही पाहा, एमएच ४२ दिसेल. आमच्या लोकांना या ४२ चा अभिमानही फार. पुण्यात एमएच १२ च्या गर्दीत एखादी बेचाळीस दिसली की हात वर होतो. पण बारामती आगाराची एसटी पाहा, किंवा इंदापूर आगाराची. गाडी बारामतीची, चालक माळेगावचा, वाहक निमगाव केतकीचा, आणि पाटीवर एमएच १४, नाहीतर एमएच २०, नाहीतर एमएच ४०. शाळेत एका मुलाने मला विचारले होते, "सर, आपल्या गाडीवर आपला नंबर का नाही?" प्रश्न चांगला होता. वर्गात उत्तर देता आले नाही, नंतर चौकशी करून दिले.

एसटी महामंडळ पूर्वापार कंपनीकडून चेसिस घेते, म्हणजे इंजिन, चाके आणि खालचा सांगाडा. वरची बॉडी आपल्याच मध्यवर्ती कार्यशाळांत बांधायची, ही जुनी पद्धत. अशा कार्यशाळा तीन: पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादला म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा, आणि नागपूरजवळ हिंगणा. गाडी जिथे बांधली, तिथेच तिची नोंदणी. म्हणून दापोडीच्या गाड्यांवर आधी एमएच १२ आणि पुढे एमएच १४, चिकलठाण्याच्या गाड्यांवर एमएच २०, हिंगण्याच्या गाड्यांवर एमएच ३१ आणि पुढे एमएच ४०. त्यापुढची बीटी, बीएल, वाय ही अक्षरे म्हणजे मालिका. मालिका कळली की गाडीचे वय साधारण कळते. थोडक्यात, एसटीची पाटी तिचे सासर सांगत नाही, माहेर सांगते. नांदायला ती इंदापूरला आली तरी माहेर नागपूरचे असू शकते. तिन्ही माहेरच्या लेकींची ठेवण थोडी थोडी वेगळी. मुले पाटी न वाचता बॉडीवरून ओळखतात ती यामुळे.

दुसरी गंमत याहून मोठी आहे. नंबर असतो चेसिसचा, बॉडीचा नव्हे. २०१८ च्या सुमाराला महामंडळाने अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या बॉड्या उतरवून त्याच चेसिसवर पोलादी बॉड्या चढवायला सुरुवात केली. गाडी कोरी करकरीत दिसायची आणि पाटीवर नंबर मात्र जुना. पुढे २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी नाहीत म्हणून महामंडळाने मालवाहतूक सुरू केली, तेव्हा जुन्या बसच्या बॉड्या काढून त्यांचे मालट्रक केले. तेव्हा जो नंबर एके काळी शाळेच्या पोरांना घेऊन जायचा, तोच खताची पोती घेऊन जाताना दिसू लागला. बघणाऱ्याला तो लाल ट्रक. ज्याच्याकडे वही आहे त्याला मात्र जुनी ओळख.

पाटीवरची अक्षरे ही तशी राज्यकारभाराची नोंद आहे, आणि तिचाही इतिहास आहे. इंग्रजांच्या काळात १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला, त्याच्या परिशिष्टातच प्रांतांना अक्षरे वाटून दिलेली होती. मुंबई प्रांताच्या वाट्याला बी आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर नव्या गाड्यांवर एम आला, पण जुन्या गाड्यांचा बी तसाच राहिला. माझ्या लहानपणी राज्य महाराष्ट्राचे होते आणि रस्त्यावर मुंबई राज्याची अक्षरे अजून धावत होती. मग १९८८ चा नवा कायदा आला, जुलै १९८९ पासून अमलात आला, आणि राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचे दोन आकडे अशी आजची पद्धत देशभर सुरू झाली. जुन्या तीन अक्षरी पाट्या हळूहळू गाड्यांबरोबरच गेल्या.

इंदापूर पुणे-सोलापूर हमरस्त्यावर, त्यामुळे पाट्या पाहायला याच्यासारखी जागा नाही. बारामतीला येते ती गाडी बहुतेक बारामतीसाठी येते. इंदापूरला मात्र वाटसरू गाड्या: सोलापूर, तुळजापूर, अक्कलकोट, लातूर, उमरगा. त्यांच्या मागे कर्नाटकाची केए ३२, म्हणजे गुलबर्गा, आताचे कलबुर्गी. हैदराबादकडची गाडी पूर्वी एपी होती. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले आणि नव्या गाड्यांवर टीएस आले, २०२४ मध्ये त्याचे टीजी झाले. राज्ये वेगळी झाल्याचे आम्हाला वर्तमानपत्राने सांगितले खरे, पण खात्री पटली ती हमरस्त्यावर.

पाटी नेहमी निरुपद्रवी असते असे मात्र नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला, तेव्हा आमच्या शेजारच्या दौंडला कर्नाटकाच्या एका बसला थांबवून तिच्यावर काळ्या रंगाने घोषणा लिहिल्या गेल्या. डिसेंबरात पुण्यात स्वारगेट भागातही तेच झाले आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या काही काळ सीमेवरून मागे फिरल्या. गाडी कुणाची, हे केए या दोन अक्षरांवरून ठरले. आत बसलेले कोण आहेत, ते कुणी विचारले नाही. अशा गाड्यांत निम्मे लोक सोलापूरकडचे, मराठी-कानडी दोन्ही बोलणारे असतात.

थोडे मागे जाऊ. एसटीच्या आधी आमच्या भागात खासगी 'सर्व्हिस' गाड्या होत्या. महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा अशा गाड्या कोळशाच्या गॅसवर चालत. मागे भट्टी लावलेली असे. गाडी भरली की सुटायची, वेळापत्रक म्हणजे मालकाची मर्जी. नीरा ओलांडली की पलीकडे फलटणचे संस्थान, तिथला कारभार वेगळा. १९४८ च्या मार्चमध्ये ते विलीन झाले आणि त्याच वर्षी १ जूनला सरकारची पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. सुरुवात बेडफर्ड गाड्यांनी झाली: लाकडी बॉडी, काथ्याच्या बैठका. आपण जिला लालपरी म्हणतो तिचा पहिला रंग लाल नव्हता, निळा होता, टप चंदेरी. पहिल्या काही वर्षांत तर ताफ्यात दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या: शेव्हरले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, लेलँड, फियाट आणि आणखी काही. त्यांचे सुटे भाग सांभाळणाऱ्या कोठी कारकुनाचे काय झाले असेल, याची मला अजून काळजी वाटते. पुणे-महाबळेश्वर मार्गासाठी 'नीलकमल' आणि 'गिरिआरोहिणी' अशा दोन आरामगाड्या आणल्या होत्या. त्यांना पडदे होते, हिरवट काचा होत्या आणि आत चक्क घड्याळ होते. १९५६ च्या सुमाराला धातूच्या बॉड्या आल्या. बाकी एशियाड, हिरकणी, शिवनेरी, शिवशाही ही नावे श्रोत्यांना ठाऊकच आहेत. एक नोंद करून ठेवतो. १ जून २०२२ ला महामंडळाची पहिली विजेवरची 'शिवाई' सुटली, तीही याच पुणे-अहमदनगर रस्त्यावर.

आमच्या रस्त्यावर गाड्या बंद होण्याचे दिवस वर्षाकाठी ठरलेले आहेत, आणि त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवते आणि काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला घोड्यांचे रिंगण. वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवलेली असते. त्या दिवशी कुणी स्थानकावर येऊन 'गाडी कधी?' असे विचारले की वाहतूक नियंत्रक हसून म्हणतो, "माउली, चालायला लागा." याच दिवसांत राज्यभरातून पंढरपूरला जादा गाड्या सुटतात आणि एरवी कधी न दिसणारी आगारे आमच्या डोळ्यांपुढून जातात. गाडीच्या अंगावर आगाराचे नाव असते. ते वाचत उभे राहिले की घरबसल्या महाराष्ट्र फिरून होतो. छंदी पोरांची ही दिवाळीच.

खरी गाडी बंद झाली ती २०२० पासून. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि एसटी थांबली. मे महिन्यात जिल्ह्यांतर्गत काही गाड्या सुटल्या, २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या सुरू झाल्या, पण शाळाच बंद, तर पोरे कुठे जाणार? ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा भरले. दीड वर्षाने दप्तरे निघाली. आणि महिनाभरात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, राज्यातली जवळपास सगळी, म्हणजे अडीचशे, आगारे कर्मचाऱ्यांच्या संपामुळे बंद पडली. मागणी होती महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करण्याची. पगार कमी, तोही वेळेवर नाही, काही कर्मचाऱ्यांनी जीव दिलेला, त्यामुळे त्यांची बाजू पोकळ नव्हती. शासनाने नेमलेल्या समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचे सांगितले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात चालले, आणि २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हा असे न्यायालयाने सांगितल्यावर संप मिटला. साडेपाच महिने. याआधी २०१७ च्या दिवाळीतला संप चार दिवस चालला होता, आणि तो आम्हाला फार मोठा वाटला होता.

त्या साडेपाच महिन्यांत दहावीचे अख्खे वर्ष संपत आले. १५ मार्चला परीक्षा सुरू झाली. त्या वर्षी 'शाळा तेथे केंद्र' होते म्हणून पोरांना निदान परगावी जावे लागले नाही, पण आपल्या शाळेपर्यंत तरी जायला हवेच होते. हमरस्त्यावरच्या गावांचे वडापवर भागले. दोन पैसे जास्त, जीपमध्ये चौदा माणसे, पण पोचायचे. हाल झाले ते रस्त्यापासून आत पाच-सहा किलोमीटरवर असलेल्या वाड्यांचे. तिथे वडाप जात नाही, कारण भरत नाही. मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो, पण तो एसटीचा. जीपवाल्याला पास दाखवून काय उपयोग? आणि मुलीला जीपच्या मागच्या फळीवर बसवून पाठवायला बाप तयार नसतो. त्याला काय म्हणून दोष द्यायचा? माझ्या ओळखीच्या एका घरातली मुलगी त्या वर्षी मावशीकडे इंदापूरला राहिली म्हणून दहावी झाली. तिच्या शेजारची राहिली नाही, आणि तिचे लग्न झाले.

आता वहीची गोष्ट. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा अशाच आतल्या वाडीवर राहतो. त्याच्या वाडीत मुक्कामाची गाडी येत असे. रात्री यायची, देवळापुढच्या मोकळ्या जागेत थांबायची, चालक-वाहक मारुतीच्या पारावर नाहीतर गाडीतच झोपायचे आणि सकाळी पोरे, दूधवाले, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे घेऊन निघायची. या मुलाला पाचवीत असल्यापासून नंबर लिहायचा नाद. रकाने आखलेली वही: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, नंबर, आगार, शेरा. शेऱ्यात 'मागची काच नाही', 'नवीन टायर', 'डायवर मामा बदलले' अशा गोष्टी. मी पाहिली तेव्हा मनात म्हटले, माझी वही याच्यापुढे काहीच नव्हती.

संपाच्या काळात त्याने वही थांबवली नाही. रोज तारीख टाकायची आणि नंबरच्या रकान्यात आडवी रेघ. सुरुवातीला शेऱ्यात 'आली नाही' असे लिहिलेले आहे. नंतर तेही नाही, नुसत्या तारखा आणि रेघा, पानामागून पाने. संपाबद्दल पुष्कळ लिहिले-बोलले गेले. त्या रेघांच्या पानांइतके मला त्यातले काही लक्षात राहिलेले नाही.

संप मिटला, गाड्या निघू लागल्या, पण सगळ्या फेऱ्या एकदम पूर्वीसारख्या होणे शक्य नव्हते. साथीच्या आधी महामंडळाकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या. पुढच्या काळात हा आकडा १५ हजारांच्या आसपास आला. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या, टायर गेलेले. आहे त्या गाड्यांत आधी मोठ्या मार्गांची सोय पाहिली जाणार, हे उघड होते. वाडीचे चारपाच जण अर्ज घेऊन आगारात गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतले आणि साधे प्रश्न विचारले. गाडी किती वाजता यायची? रोज यायची का? कधीपासून? शाळेची पोरे किती? वाडीकरांची उत्तरे एकमेकांशी जुळेनात. एक म्हणे आठला, दुसरा म्हणे साडेआठला. एक म्हणे माझ्या लग्नाआधीपासून आहे. आपण रोज ज्या गाडीत बसतो तिची वेळ आपण लिहून ठेवत नाही. ती आहे, एवढेच आपल्याला ठाऊक असते.

दुसऱ्या खेपेला मुलाची वही बरोबर नेली. साहेबांनी दहा मिनिटे पाने उलटली. मधेच एका नंबरावर बोट ठेवून म्हणाले, "ही आमचीच. मोडीत निघाली आता." वहीच्या चार पानांची झेरॉक्स अर्जाला जोडली गेली. दुपारची फेरी पंधरा दिवसांत सुरू झाली. मुक्कामाची गाडी सुरू व्हायला पुढचा जून उजाडला. वहीमुळे झाले असे मी म्हणणार नाही. अर्ज, पाठपुरावा, थोडी ओळख, सगळेच लागते. पण त्या अर्जात खात्रीने लिहिता येईल असे जे काही होते, ते त्या वहीतूनच आलेले होते.

एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमाने पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते, त्यात परिवहन महामंडळांच्या गाड्याही येतात. म्हणजे नंबरालाही आता मरणाची तारीख आहे. ते धुरापासून बचावासाठी आहे आणि योग्यच आहे. पण गाडी भंगारात गेली की ती कुठल्या वाडीला किती वर्षे गेली, हे सांगणारे कुणी उरत नाही. जुन्या देवळांवर शिलालेख सापडतात, ताम्रपट सापडतात, त्यांचे वाचन होते. बारामती तालुक्यात १९७० मध्ये कोणत्या वाडीला किती वाजता गाडी होती, हे शोधायला बसा, हाती फार काही लागणार नाही. मी माझी लहानपणची वही फार शोधली. घर बदलताना रद्दीत गेली असावी. त्या वेळी मला ती रद्दीच वाटली असणार.

असो. तर परवा बारामतीला. माझ्या गाडीची वेळ झाली होती. फलाटावर एक जुनी गाडी लागली, पाटी इंदापूरची. मी उठलो तसा त्यातला एक मुलगा म्हणाला, "आजोबा, ही नका घेऊ. बाराच्या फेरीला नवीन येतीय. हिला बसून कंबर धरंल तुमची."

"हिचा नंबर काय रे?" मी विचारले.

त्याने पाटीकडे न बघता चारही आकडे सांगितले, आणि वर म्हणाला, "चेसिस जुनी हाय, बॉडी दुसऱ्यांदा चढवलीय. पुढच्या वर्षी जाणार ही."

मी त्याच गाडीत चढलो. खिडकीजवळची जागा मिळाली. काटेवाडी येईपर्यंत खिशातल्या जुन्या पावतीच्या मागे तो नंबर लिहून ठेवला.